निळी क्रेट, रंगाचा डबा आणि बचतीचा वाटा

चाकण एमआयडीसीत सकाळी कुठल्याही मोठ्या गाडी-कारखान्याच्या मालाच्या गेटपाशी उभं राहा, टेम्पोंची रांग दिसेल. आत जाणाऱ्या टेम्पोत निळ्या प्लॅस्टिकच्या क्रेट, बाहेर पडणाऱ्या टेम्पोतही त्याच क्रेट, फक्त रिकाम्या. क्रेटवर पुरवठादाराचं नाव रंगवलेलं. आत साच्यातून काढलेला काळा ट्रे आणि ट्रेला भागाच्या आकाराचे खळगे. एका क्रेटमध्ये वीस म्हणजे वीसच, एकविसावा नग बसतच नाही.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हेच भाग पुठ्ठ्याच्या खोक्यातून यायचे. गंजू नयेत म्हणून तेल लावलेले, वर प्लॅस्टिकची पिशवी, कोपऱ्यांत थर्माकोल. लाइनवरचा माणूस आधी खोकं फाडायचा, मग पिशवी, मग चिंधीने तेल पुसायचा. खोकी आणि पिशव्या संध्याकाळी भंगारवाला उचलायचा, तेलकट चिंध्या कुठे जायच्या ते विचारू नये. त्या पुठ्ठ्याचे पैसे कोण भरत होतं? भागाच्या दरातच ते धरलेले असायचे, त्यामुळे ते कुणाच्या डोळ्यांवर येत नसत.

उत्पादक आणि पुरवठादार मिळून खर्च आणि कचरा कमी करतात, ही गोष्ट आता कंपन्यांच्या वार्षिक अहवालात हिरव्या पानावर छापून येते. मुळाशी जाऊ लागलं तर मात्र पर्यावरण फार उशिरा भेटतं. त्याच्या बरंच आधी हिशेबाची वही भेटते.

हेन्री फोर्डला काहीही वाया गेलेलं खपत नसे, पण त्यावरचा त्याचा उपाय एकच: सगळं आपणच करायचं. मॉडेल टीला लाकूड लागतं, म्हणून मिशिगनमधल्या आयर्न माउंटनला स्वतःची आरागिरणी. तिथे भुसा आणि तुकडे साचतात, म्हणून १९२० च्या दशकात त्यांच्यापासून कोळशाच्या वड्या पाडायचा कारखाना. या वड्या फोर्डच्या मोटारविक्रेत्यांकडेच विकायला असत आणि त्यांचाच पुढे किंग्जफोर्ड हा ब्रँड झाला. हुशारी होती यात शंका नाही. पण ती कुंपणाच्या आतली हुशारी. बाहेरचा पुरवठादार काय फेकतो, याच्याशी फोर्डला देणंघेणं नव्हतं.

युद्धानंतरच्या टोयोटाला सगळं आपणच करणं परवडण्यासारखं नव्हतं. १९५० मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी होती. भाग बाहेरूनच घ्यायचे होते आणि साठा करून ठेवायला ना जागा होती ना पैसा. टोयोटाचे अभियंता ताइची ओहनो यांनी ज्या सात प्रकारच्या ‘मुदा’ची, म्हणजे वाया जाण्याची, यादी केली, तिच्यात गरजेपेक्षा जास्त माल बनवणं हे त्यांच्या मते सगळ्यांत वाईट. उरलेल्या यादीत वाट पाहणं, मालाची नेआण, जादा प्रक्रिया, साठा, हातापायांची फुकट हालचाल आणि खराब नग. धूर नाही, सांडपाणी नाही. १९६० च्या दशकात कानबान म्हणजे मागणीचं कार्ड पुरवठादारांपर्यंत पोचलं आणि कार्डासोबत डबाही आला. ठरलेल्या मापाचा, ठरलेल्या नगांचा, परत जाणारा. रिकामा डबा परत आला म्हणजे तीच पुढची ऑर्डर. म्हणजे पुन्हा वापरायचा डबा जन्माला आला तो मोजदादीसाठी. पुठ्ठा वाचला, तो जाता जाता.

टोयोटाच्या पुरवठादारांची क्योहोकाय ही संघटना तर १९४३ पासून होती. एकमेकांच्या शॉपमध्ये जाऊन अडचणी सोडवायच्या, ही सवय तिथेच मुरली. पण हे चित्र फार गोड करून रंगवू नये. दिवसातून अनेकदा थोडा थोडा माल पोचवायचा म्हणजे अर्धे भरलेले ट्रक रस्त्यावर. १९९० च्या सुमारास जपानमध्येच यावर ओरड सुरू झाली होती की कंपनीच्या गोदामातला साठा आता सार्वजनिक रस्त्यावर उभा आहे. एकाच गाडीने चार पुरवठादारांकडे फिरून माल उचलायचा ‘मिल्क रन’ हा त्यावरचा एक उतारा. आपल्याकडे भोसरी-चाकण पट्ट्यात हा शब्द आता इतका रुळलाय की दुधाशी त्याचा काही संबंध असेल हे कुणाच्या मनातही येत नाही.

परत जाणाऱ्या पेटीचा आणखी एक उगम ऑस्ट्रेलियात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने तिथे लाकडी पॅलेट आणि फोर्कलिफ्टचे ढीग आणले आणि युद्ध संपल्यावर ते तिथेच सोडून गेलं. सरकारने त्यांचा सामाईक साठा करून तो चालवला. पुढे तो खासगी हातात गेला आणि १९५८ मध्ये ब्रॅम्बल्स कंपनीने घेतला. चेप या नावाने निळ्या पॅलेट भाड्याने देणारी जगभरची कंपनी ती हीच. पॅलेट ना विकणाऱ्याची ना घेणाऱ्याची, तिसऱ्याच्या मालकीची. तुटली तर नुकसान त्या तिसऱ्याचं, म्हणून तो ती मजबूत बनवतो आणि दुरुस्तही करतो. खोकं विकणाऱ्याला मात्र ते टिकावं असं का वाटेल?

कायद्याने हात घातला तो जर्मनीत. १९९१ च्या पॅकेजिंग अध्यादेशाने त्या डिसेंबरपासून वाहतुकीचं वेष्टण परत घेण्याची जबाबदारी माल बनवणाऱ्या-विकणाऱ्यांवर टाकली. खोकी फुकट टाकून देण्याची सोय संपली. जर्मन मोटार उद्योगाच्या संघटनेने छोट्या क्रेटची मापं आधीच बांधून दिली होती: ३०० बाय २००, ४०० बाय ३००, ६०० बाय ४०० मिलिमीटर. कुठल्याही पुरवठादाराची क्रेट कुठल्याही कारखान्याच्या पॅलेटवर फट न राहता बसते. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. आज त्या भागात सहाशे-बाय-चारशेची क्रेट पाहायला कुणा जर्मन कंपनीच्याच दारात जावं लागत नाही.

आता अमेरिका, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सगळ्यांत बोलका भाग. १९९२ मध्ये जनरल मोटर्सच्या खरेदीची सूत्रं होसे इग्नासियो लोपेझ यांच्याकडे आली. त्यांची रीत साधी होती: करार फाडायचे, दर पाडायला लावायचे. वर्षभरात ते फोक्सवॅगनला गेले, पण पुरवठादारांच्या मनातला कडवटपणा मागे राहिला. त्याच काळात क्रायस्लरने उलटा रस्ता धरला होता. १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘स्कोअर’ योजनेत पुरवठादाराला विचारलं जाई, आमच्याकडे काय चुकतं ते सांग. मापातल्या फरकाची कुठली सहनमर्यादा (टॉलरन्स) उगाच कडक आहे, कुठला धातू विनाकारण महाग आहे, कुठलं वेष्टण नको आहे? बचतीचा वाटा त्यालाही मिळे. १९९५ च्या अखेरीस अशा ५,३०० सूचना अमलात आल्या होत्या आणि वर्षाला १.७ अब्ज डॉलरहून अधिक बचत मोजली गेली होती. पुरवठादारांची संख्या २,५०० वरून १,१४० वर आली. हे विसरायचं नाही. सहकार्य उरलेल्यांशी झालं, गळालेल्यांच्या नशिबी ते नव्हतं.

रंगाची गोष्टही क्रायस्लरचीच. गाडीवर फवारलेला सगळा रंग काही पत्र्यावर बसत नाही. बराचसा बाजूने उडतो, रंगकामाच्या बूथखालच्या पाण्यात पडतो आणि त्याचा चिकट गाळ होतो. तो गाळ धोकादायक कचरा म्हणून पैसे मोजून न्यायला लावावा लागतो. द्रावक उडतं ते वेगळंच. रंग गॅलनने विकणाऱ्या कंपनीला यात दुःख काय असणार? जितका उडेल तितका खप. इलिनॉयमधल्या बेल्विडिअर कारखान्यात पीपीजी कंपनीबरोबर करार झाला तो वेगळा: पैसे रंगाचे नाहीत, नीट रंगवून बाहेर पडलेल्या गाडीचे. एका ओळीने पारडं फिरलं. आता उडालेला प्रत्येक थेंब पीपीजीच्या खिशातून जाऊ लागला. मग तिचीच माणसं बूथपाशी उभी राहून रंग फवारायच्या बंदुकीचा दाब, रंगाची घट्टता, नळ्या धुण्याची पद्धत तपासू लागली. रंग तोच, गाडी तीच, पत्राही तोच.

हीच कल्पना युनिडो या संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक संस्थेने ऑस्ट्रियाच्या मदतीने २००४ पासून ‘केमिकल लीजिंग’ नावाने इतर देशांत नेली. इजिप्तमधल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात साफसफाईच्या द्रावकाचे पैसे मापावर न देता गाडीमागे देण्याचा प्रयोग झाला आणि द्रावक कमी लागू लागलं. धातू कापताना थंडावा देणारं कूलंट, कटिंग ऑइल, रंगाआधी पत्र्यावर थर चढवणारी फॉस्फेटिंगची रसायनं, सगळ्यांना हे लागू पडतं. आपल्याकडे मात्र कूलंटचा पिंप अजून पिंपानेच विकला जातो, आणि विक्रेत्याचा पोरगा महिन्याचं टार्गेट पुरं करायला शेवटच्या आठवड्यात येऊन बसतो.

क्रायस्लरच्या गोष्टीचा शेवटही सांगायला हवा. १९९८ मध्ये डेमलरशी विलीनीकरण झालं, कंपनी तोट्यात गेली आणि २००० च्या अखेरीस सगळ्या पुरवठादारांना निरोप गेला: १ जानेवारीपासून दर ५ टक्के कमी करा, पुढच्या दोन वर्षांत आणखी १० टक्के. दहा वर्षांत उभा केलेला विश्वास मोडायला एक पत्र पुरलं.

आपल्याकडची सुरुवात निराळी. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, पिंपरीत आली तेव्हा भोवती भरवशाचे पुरवठादार नव्हतेच. म्हणून ओतशाळा स्वतःची, यंत्रं बनवणारा विभागही स्वतःचा. फोर्डसारखंच, पण हौसेने नव्हे, नाइलाजाने. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली आणि तिच्यामागोमाग गुडगावच्या आसपास जपानी रीतीने चालणारे पुरवठादार उभे राहिले. पुण्याच्या वाट्याला हे आलं ते १९९० च्या दशकाच्या शेवटी. युनिडो, फिआट, सुट्या भागांच्या उत्पादकांची संघटना ॲक्मा आणि वेताळ टेकडीवरची वाहन-संशोधन संस्था एआरएआय यांनी मिळून लहान-मध्यम कारखान्यांसाठी एक कार्यक्रम काढला. पहिली वीसेक युनिटं पश्चिम भारतातलीच. शिकवलं ते साधंच: शॉप आवरा, पडून राहिलेला माल मोजा, खराब नग कुठे होतो ते शोधा. पर्यावरणाचा धडा वेगळा नव्हता. खराब नग कमी झाला की त्यात गेलेलं पोलाद, वीज आणि तेल आपोआप वाचलं.

आपल्या अबकारी कायद्यातही एक मजेशीर धागा सापडतो. १९७५ पासून लागू झालेल्या कलम ४ मध्ये मालाच्या मूल्यात वेष्टणाची किंमत धरायची होती, पण टिकाऊ आणि ग्राहकाने परत करायच्या वेष्टणाची मात्र नाही. म्हणजे क्रेट परत येत असेल तर तिच्यावर कर नाही. हेतू हिरवा नव्हता, पण परिणाम तसा होऊ शकला असता. प्रत्यक्षात ‘परत करण्याजोगं’ म्हणजे नेमकं काय यावर वकिलांचीच चंगळ झाली आणि खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. करार दाखवा, परतीची नोंद दाखवा. ते कटकटीचं, त्यापेक्षा पुठ्ठा बरा, असं म्हणणारे लहान कारखानदार पुष्कळ होते.

मी भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये काही वर्षं डिस्पॅच सांभाळला. एका मोठ्या ग्राहकाला आम्ही बुशचा नग पुरवायचो. आमच्या टर्नरने, ज्याला सगळे मामा म्हणायचे, एकदा सुचवलं की कटिंगची लांबी दोन मिलिमीटरने बदलली तर एका बारमधून एक नग जास्त निघेल आणि शेवटचा तुकडा भंगारात जाणार नाही. ड्रॉइंगमध्ये तेवढी सूट हवी होती. ग्राहकाच्या इंजिनिअरने ती आनंदाने दिली, बैठकीत टाळ्याही झाल्या. तीन महिन्यांनी खरेदी विभागाचं पत्र आलं: माल कमी लागतो, तर दर कमी करा. सगळी बचत त्यांची. वर भंगार कमी निघालं तरी भंगाराच्या किमतीची दरातून होणारी वजावट जुन्याच वजनावर. ती दुरुस्त करून घ्यायला सहा महिने गेले. मामा त्यानंतर बैठकीला आले नाहीत. “साहेब, अजून दोन सुचतंय, पण राहू द्या,” एवढंच म्हणाले.

क्रेटचं तेच. क्रेट आमच्या पैशाने घेतलेल्या. परत येताना शंभरातल्या पाच-सहा गायब, काहींत चहाचे कप आणि केबल टायचे तुकडे, एकदोन तर त्यांच्या कँटीनमध्ये कांदे ठेवायला सापडल्या. हरवलेल्या क्रेटची भरपाई कोण देणार हे करारात लिहिलेलंच नव्हतं. शेवटी आम्ही गुपचूप त्या ग्राहकाला पुन्हा पुठ्ठ्यात माल पाठवू लागलो.

अलीकडे दबाव तिसऱ्याच बाजूने येतोय. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने २०२१ मध्ये मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण आणि समाजाविषयीचा बीआरएसआर अहवाल आखून दिला. २०२३ मध्ये त्यातला काही भाग पुरवठा साखळीपर्यंत न्यायचं ठरलं आणि नंतर ती सक्ती सैल केली गेली. सैल असो वा कडक, एक्सेलचे तक्ते वर्कशॉपपर्यंत पोचू लागलेत. नगामागे किती युनिट वीज, किती लिटर कूलंट, किती किलो भंगार? परवा भोसरीतल्या जुन्या ओळखीच्या मालकाने मला असा तक्ता दाखवला. बेचाळीस रकाने होते. वाचलेल्या किलोमागे त्याला काय मिळणार याचा रकाना मी दोनदा शोधला.