पठाण म्हणजे इस्राएलचा हरवलेला वंश?

प्रार्थनागटांत वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: ‘पेशावर-कंदाहारचे पठाण इस्राएलच्या हरवलेल्या दहा वंशांपैकी आहेत, म्हणून त्यांच्यात सुवार्ता पोचावी यासाठी प्रार्थना करा.’

प्रार्थना जरूर करा, वंशावळ मात्र तपासून घ्या. ही कथा कुणी हवेतून काढलेली नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मुघल काळात लिहिलेल्या एका फारसी इतिहासात पठाणांचं मूळ इस्राएलच्या शौल राजापर्यंत नेलं आहे, आणि अनेक पठाण आजही ती अभिमानाने सांगतात. पण घरातलं बायबल उघडा. 1 शमुवेल 9 प्रमाणे शौल बन्यामीन वंशाचा. 1 राजे 12:21 मध्ये बन्यामीन यहूदासोबत, म्हणजे दक्षिणेच्या राज्यात दिसतो. ‘हरवलेले दहा वंश’ म्हणजे अश्शूरने इ.स.पू. 722 च्या सुमारास नेलेले उत्तरेच्या राज्यातले वंश. म्हणजे कथा खरी धरली तरी मेसेज तिच्याशी जुळत नाही!

भाषेचा पुरावा आणखी भक्कम. दोन, आठ, नऊ हे पठाणांच्या पश्तो भाषेत ‘द्वा, अता, नह’. हिब्रूत ‘श्तायिम, श्मोने, तेशा’. पश्तो इराणी शाखेची, मराठीच्याच मोठ्या कुळातली. माणसं भाषा बदलतात हे खरं, पण मग जुन्या हिब्रूचा काही थर उरायला हवा होता. तो दिसत नाही. राहिलं ‘युसुफझई’ (युसुफचे वंशज) हे एका पठाण टोळीचं नाव. युसुफची, म्हणजे बायबलमधल्या योसेफाची, गोष्ट कुराणातही आहे, त्यामुळे ‘युसुफ’ हे नाव मुसलमानांत सगळीकडेच आढळतं.