पेव माणूस का मागतं?

‘शिकवण्यांचं पेव फुटलं’ असा मथळा परवा वाचला आणि जतकडची आजी आठवली. तिने पेव नुसतं पाहिलं नव्हतं, ती त्यात उतरली होती.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मोठं. तळाला, कडेला कडबा लावून वाळलेला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, भरायचा, तोंडावर फरशी ठेवून शेणमातीने लिंपायचं. हरिपूरची हळदीची पेवं सगळ्यांना माहीत आहेत, पण जत, आटपाडीच्या पर्जन्यछायेत पिकल्या सालाने नापिकीचं साल निभावायचं ते धान्याच्या पेवावर.

धान्याबरोबर सोंडकिडे आत जातातच. मग शाळू टिकतो कसा? दाण्यांमधल्या फटींत सुमारे 40 टक्के जागा हवेची, त्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन. दाणा जिवंत असतो, तोही श्वास घेतो. किडे आणि बुरशी कितीतरी जास्त. श्वसनात पिष्ट जळताना ऑक्सिजनचे जेवढे रेणू खर्ची पडतात, तेवढेच कार्बन डायऑक्साइडचे तयार होतात. बाहेरची हवा बंद. ऑक्सिजन 3 टक्क्यांच्या आसपास आला की किडे थंडावतात, अंडी घालत नाहीत, मरतात. किडे जितके जास्त, तितका त्यांचा शेवट लवकर! मात्र दाणा खडखडीत हवा, ओलावा 12 टक्क्यांच्या आत. भिंतीची ओल ओढलेला कडेचा दाणा काळा पडे, आंबूस वास मारी. तो जनावरांना जाई.

‘पेव माणूस मागतं’ म्हणत आणि उघडण्याआधी नारळ फोडत. नारळाने वायू हटत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, तळाशी बसून राहतो, आणि ऑक्सिजन तर किड्यांनीच संपवलेला. गडी उतरला की दोन श्वासांत कोसळायचा, त्याला काढायला गेलेला दुसराही. आजी म्हणायची, तोंड दिवसभर उघडं ठेवायचं, मग दोरीने कंदील सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. ऑक्सिजन 16 टक्क्यांखाली गेला की ज्योत तग धरत नाही, माणूस थोडा आणखी तगतो. तरी आज विहिरीत किंवा टाकीत उतरताना कंदिलावर विसंबू नका, विषारी वायू असला तरी ज्योत जळतच राहते.

1972 ला आजी दुष्काळी कामावर खडी फोडत होती, रेशनला मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, मिळत होता. त्या उन्हाळ्यात घरचं पेव शेवटचं उघडलं. कंदील तळापर्यंत जळत गेला. खाली दोनच पोती शाळू निघाला, आंबूस वासाचा. तिने तो चार घरांत पायलीने मोजून दिला.