एलईडीची उघडझाप आणि ‘डिले’चा खोळंबा : पार्श्वभूमी

गणेशोत्सवाच्या रोषणाईचे काम करणाऱ्या सांगली-मिरजेकडच्या कारागिरांना ‘चेसर’ (दिवे एकामागून एक पेटवत नेणारी जोडणी) हा शब्द मायक्रोकंट्रोलर या प्रोग्रामवर चालणाऱ्या छोट्या संगणक-चिपच्या कितीतरी आधीपासून परिचित आहे. १९७२ मध्ये बाजारात आलेली ५५५ ही टायमर चिप आणि तिच्या ठोक्यावर एकामागून एक दहा पायांना वीज देणारी ४०१७ ही काउंटर चिप एवढ्यावर तो चालत असे. दुसरी माळ वेगळ्या गतीने लुकलुकवायची असेल, तर दुसरी ५५५ बसवली जाई. प्रत्येक चिपचा कपॅसिटर आपल्या गतीने भरत आणि रिकामा होत असल्याने एका माळेमुळे दुसरी अडून राहण्याचा प्रश्नच येत नसे. उघडझाप करताना बाकीची कामे खोळंबण्याची अडचण पुढे, सगळी कामे एकाच प्रोसेसरच्या गळ्यात पडल्यावर आली.

१९८० मध्ये आलेली ८०५१ ही मायक्रोकंट्रोलर चिप आपल्याकडच्या डिप्लोमा व अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत दीर्घकाळ ठाण मांडून होती. १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर (चिपला ठोके देणाऱ्या स्फटिकावर) तिचे एक मशीन सायकल, म्हणजे कामाचा सर्वांत छोटा टप्पा, १ मायक्रोसेकंदाचे असते. आकडा एकेक कमी करत शून्यापर्यंत नेणारी सूचना दोन सायकल घेते, म्हणून २५० पासून शून्यापर्यंत मोजले की अर्धा मिलिसेकंद सरतो, आणि अशी लूप (पुन्हा पुन्हा चालणारी सूचना) दुसऱ्या व तिसऱ्या लूपमध्ये गुंडाळली की एक सेकंद हाती येतो. त्या सेकंदात प्रोसेसर आकडे मोजण्याखेरीज मुख्य प्रोग्राममधले काहीही करत नाही. हीच डिलेची, म्हणजे ठरलेला वेळ थांबून राहण्याची, सबरूटीन (प्रोग्रामचा तुकडा) एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरत गेली आणि ती कोणत्या क्रिस्टलसाठी लिहिली होती याची आठवण मात्र वाटेत गळून पडली. सिरियल पोर्टच्या (माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या जोडणीच्या) सोयीसाठी ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल बसवला की तोच ‘एक सेकंद’ साडेआठ टक्क्यांनी लांबतो. वास्तविक त्याच चिपमध्ये प्रोसेसरला न अडवता स्वतंत्रपणे मोजणारे १६ बिटांचे दोन टायमर पहिल्यापासून होते. त्यातला एक दर ५० मिलिसेकंदांनी इंटरप्ट (चालू काम क्षणभर थांबवणारा इशारा) देईल असा लावून वीस इंटरप्ट मोजले, तर सेकंद मिळतो आणि मधला वेळ मोकळा राहतो. परंतु शिकवण्याच्या क्रमात लूप आधी, टायमर नंतर आणि इंटरप्ट त्याहून नंतर येत असल्याने दिवा लुकलुकवणे म्हणजे थांबून राहणे, हे समीकरण तोवर हाडीमासी खिळलेले असे.

२००५ मध्ये इटलीत सुरू झालेल्या अर्डुइनो या तयार मायक्रोकंट्रोलर बोर्डाने हे समीकरण आणखी सोपे केले. नवशिक्याचा पहिला प्रोग्राम तेरा क्रमांकाच्या पिनवरचा दिवा लुकलुकवण्याचा असे आणि त्यात डिले हे फंक्शन दोनदा येई. सोबतच मिलिस हे फंक्शनही होते. १६ मेगाहर्ट्झच्या बोर्डावर पहिला टायमर दर १.०२४ मिलिसेकंदाला भरून वाहतो (कमाल आकडा गाठून पुन्हा शून्यावर येतो), त्यातला वरचा अपूर्णांक साठवून मोजणी अधूनमधून एकाने पुढे ढकलली जाते आणि बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मिळतात. मागच्या बदलाची वेळ टिपून ठेवावी, दर फेरीत आत्ताच्या वेळेतून ती वजा करावी आणि ठरलेले अंतर भरले असेल तरच दिवा पालटावा, ही डिलेविना उघडझापेची रीत अधिकृत उदाहरणांतूनच रूढ झाली. अंतरांची छोटी यादी ठेवली की याच रीतीतून १००, १००, १००, ७०० असा हृदयाच्या ठोक्यासारखा नमुनाही निघतो.

या रीतीतला खरा वाद दिवा पालटल्यावर कोणती वेळ टिपायची, याचा आहे. अधिकृत उदाहरण ‘आत्ताची’ वेळ टिपते. तपासणीला ३ मिलिसेकंद उशीर झाला असेल, तर तो पुढच्या पाळीत मिसळतो आणि असे उशीर साचत जातात. याच उदाहरणाच्या जुन्या आवृत्तीत तर ‘अंतराएवढे किंवा जास्त’ याऐवजी ‘अंतराहून जास्त’ अशी तुलना होती, त्यामुळे प्रत्येक पाळी एका मिलिसेकंदाने लांबे. एक सेकंदाच्या पाळीला हा फरक दिवसाकाठी सुमारे ८६ सेकंद होतो. दुसरा पक्ष म्हणतो की जुन्या खुणेतच अंतर मिळवावे, म्हणजे उशीर साचत नाही. हे हिशेबाला चोख आहे, पण त्यात उधारी चढते. समजा, शेतपंपाच्या मोबाइल स्टार्टरचा प्रोग्राम सिमच्या मॉड्यूलच्या उत्तराची वाट पाहत ५ सेकंद अडकला. अर्ध्या सेकंदाची पाळी असेल, तर सुटका होताच दहा पाळ्यांची उधारी लागोपाठच्या फेऱ्यांत भराभर चुकती केली जाते. दिव्याच्या बाबतीत ती फडफड डोळ्याला जेमतेम दिसेल. त्या जागी रिले (विजेवर चालणारा स्विच) असेल, तर पंपाला वीज जोडणारा कॉन्टॅक्टर तडतडेल. उशीर एका पाळीहून मोठा असेल तेव्हा उधारी सोडून द्यावी आणि एरवी जुन्या खुणेत अंतर मिळवावे, हा मधला मार्ग व्यवहारात बरा ठरतो. मात्र जोडीने लुकलुकणाऱ्या दोन माळा नसतील, तर अधिकृत उदाहरणाची साधी रीतच पुरेशी आहे, कारण चोख हिशेबाचा आग्रह धरणाऱ्यांच्या उनो या अर्डुइनो बोर्डावर बहुधा क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटर हा ठोके देणारा कमी अचूक घटक असतो. त्यातली अर्ध्या टक्क्याची चूक दिवसाला सात मिनिटांपर्यंत जाते आणि तिच्यापुढे हे मिलिसेकंद किस झाड की पत्ती.

मिलिसचा ३२ बिटांचा आकडा ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो, याची धास्ती त्या मानाने अनाठायी आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत तर तो साडेनऊ तासांतच शून्यावर येत असे. चिन्हरहित (ऋण नसणाऱ्या) संख्यांची वजाबाकी केली तर शून्य ओलांडतानाही उत्तर बरोबर येते. पुढची वेळ आधीच काढून तिच्याशी तुलना करणारा प्रोग्राम मात्र तेथे फसतो. तासगाव-कवठेमहांकाळच्या शेतीपंपावर, जेथे तीन फेज वीज आठ-दहा तासच असते, तिच्यावरच चालणारा बोर्ड रोज नव्याने सुरू होतो आणि ही चूक कधी उघडकीसच येत नाही.

‘डिले सगळे अडवतो’ हे विधानही सरसकट खरे राहिलेले नाही. उनोवर डिले चालू असताना इंटरप्ट सुरूच असतात आणि सिरियलवर आलेली अक्षरे बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जमा होतात. अडतो तो मुख्य प्रोग्राम. ईएसपी८२६६ या वाय-फाय असलेल्या चिपवर डिले वाय-फायच्या कामाला वाट करून देतो, उलट त्याच्याविना गोल गोल फिरणारी लांब लूप वॉचडॉगला (प्रोग्राम अडकला का यावर पाळत ठेवणाऱ्या टायमरला) बोर्ड रीसेट करायला लावते. ईएसपी३२ वर तो केवळ चालू टास्कला (प्रोग्राममधल्या एका कामाला) झोपवतो आणि दुसऱ्या टास्क चालत राहतात.

आता माळांत प्रत्येक दिव्याला स्वतंत्र रंग देता येणाऱ्या एलईडी पट्ट्या आल्या आहेत. अशा तीन रंगांच्या दर दिव्याला २४ बिट, म्हणजे सुमारे ३० मायक्रोसेकंद लागतात, आणि माहिती पाठवताना उनोवरच्या प्रचलित लायब्ऱ्या इंटरप्ट बंद ठेवतात. १०० दिव्यांच्या पट्टीला ३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात मिलिसचा टायमर साधारण तीनदा भरून वाहतो आणि त्यातला एकच प्रसंग चिपच्या लक्षात राहतो. अशी पट्टी दर २० मिलिसेकंदांनी ताजी केली, तर मिलिसचे घड्याळ सुमारे दहा टक्क्यांनी मागे पडते, आणि डिले कोठेही न वापरलेला चेसर पट्टी लांबवत जावी तसा मंदावत जातो.