फुस्स करणारं झाकण

वडिलांची प्रीमियर पद्मिनी ठाण्याहून नाशिकला निघाली की दीडेक तासाने, नेमकी कसारा घाटात, गचके देत बंद पडायची. बॉनेट उघडून दहा-पंधरा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात सुरू. वर्षभरात प्लग, पॉइंट, शेवटी कॉइलसुद्धा बदलून झाली.

मग इगतपुरीच्या अलीकडे एक मेकॅनिक भेटला. त्याने बॉनेटकडे पाहिलंही नाही. ‘किती वेळाने बंद पडते?’ एवढंच विचारलं, मागे गेला आणि टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! हवा आत शिरल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. मूळ झाकण वडील कधीतरी पेट्रोल पंपावर विसरले होते. बाजारातून आणलेलं नवं इतकं झकास घट्ट बसायचं की हवेला वाटच नव्हती.

पद्मिनीची टाकी मागे, इंजिन पुढे. इंजिनच्या कुशीला एक यांत्रिक पंप असतो, गॅरेजच्या भाषेत एसी पंप. कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनच्या आतला दांडा, फिरला की त्याची दांडी हलते, आतला रबरी डायफ्राम मागे सरकतो आणि पोकळी तयार होते. आपण म्हणतो पंप पेट्रोल ओढतो. खरं तर टाकीतल्या पेट्रोलवर दाबणारी हवा ते त्या पोकळीकडे ढकलते. पेट्रोल कमी होईल तशी बाहेरची हवा टाकीत यायला हवी. बऱ्याच जुन्या गाड्यांत ही वाट म्हणजे झाकणातलं बारीक भोक. ते नसेल तर टाकीतला दाब हळूहळू उतरतो आणि पंपाचं बळ अपुरं पडतं. गाडी उभी राहिली की कुठल्यातरी फटीतून हवा झिरपते, म्हणून थोड्या वेळाने ती पुन्हा चालते.

वर्षभर सगळे फसले, कारण हुबेहूब हीच लक्षणं व्हेपर लॉकची, म्हणजे पेट्रोलच्या वाफेने वाट अडण्याची. पेट्रोल म्हणजे अनेक द्रवांचं मिश्रण. त्यातले हलके घटक 35-40 अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात, आणि पंपाच्या ओढीने दाब उतरला की त्याहूनही आधी. कुकरच्या अगदी उलट प्रकार. नळीत वाफ झाली की डायफ्राम नुसती वाफ दाबतो-सोडतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. उन्हाळ्यात टॅक्सीवाले इंजिनच्या या पंपावर ओलं फडकं टाकायचे ते यासाठीच. दोन्हींतला फरक ओळखायला पैसा लागत नाही: ओल्या फडक्याने चालली तर वाफ, झाकण सैल करून चालली तर हवा.

बाकीची दुखणीही ‘कधी’वरूनच उमगतात. नुसती उभी असताना बंद पडते पण रेस दिल्यावर छान चालते, तर कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आयडल जेटमध्ये, म्हणजे रेस न देता चालताना पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकात, कचरा. सपाट रस्त्यावर ठीक आणि चढावर दम तोडते, तर कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीत (पेट्रोल साठवणारी, तरंगत्या फ्लोटची छोटी वाटी) पेट्रोल पुरेसं पोचत नाही. आधी पेट्रोलचा फिल्टर बघा. प्लग काळा, ओला आणि पेट्रोलचा घमघमाट असेल, तर वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नसावी. एअर फिल्टर काढून, इंजिन बंद ठेवून, थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी झडप) हाताने हलवला तर आत पेट्रोलची बारीक चिळकांडी दिसायला हवी. दिसली तर वाटीत पेट्रोल आहे. (हे करताना बिडी-सिगारेट लांब. आणि नळी तोंडाने ओढू नका. फुप्फुसात गेलेलं पेट्रोल फार वाईट.)

एक बिघाड मात्र फसवा. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीला चीर गेली तर थेंबही बाहेर दिसत नाही, कारण तिथे ओढ असते. पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते.

आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या काळचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. ते फुगतं, तडकतं. डायफ्राम फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्येही उतरू शकतं. त्यामुळे जुनी गाडी बाहेर काढण्याआधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढा आणि नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला, तर स्टार्टरला हात लावू नका.