सुदानचं युद्ध वेगळं, दक्षिण सुदानचं वेगळं

एप्रिल २०२३ मध्ये 'ऑपरेशन कावेरी'तून सुदानमधले भारतीय परत येऊ लागले तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकानं नकाशा टाकला. लाल ठिपका जुबावर, म्हणजे दक्षिण सुदानच्या राजधानीवर होता. खाली दुसऱ्यानं लिहिलं, "तिथे ख्रिश्चन-मुस्लिम टोळ्यांचं जुनंच आहे." युद्ध पेटलं होतं सुदानच्या राजधानीत, खार्टूममध्ये, जुबापासून हजारभर किलोमीटर उत्तरेला, दुसऱ्या देशात. लढणारे दोन्ही सेनापती मुसलमान होते, आणि दोघांकडे होत्या त्या टोळ्या नव्हत्या, सरकारी पगारावरच्या फौजा होत्या. मी तेव्हा सविस्तर उत्तर लिहिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुदानच्या दारफूर भागातलं अल-फाशर शहर पडलं आणि तोच नकाशा, तीच ओळ पुन्हा फिरली. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतो.

फाळणीची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, ती भराभर उरकतो. उत्तरेत अरबी बोलणारं मुस्लिम बहुमत, दक्षिणेत ख्रिश्चन आणि पारंपरिक श्रद्धा पाळणारे लोक. १९५५ ते १९७२ आणि १९८३ ते २००५ अशी दोन दीर्घ युद्धं. २००५ चा शांतता करार, जानेवारी २०११ चं सार्वमत, त्यात जवळपास ९९ टक्के मतं वेगळं होण्याच्या बाजूनं, आणि ९ जुलै २०११ ला दक्षिण सुदान हा नवा देश. उत्तर-दक्षिण युद्ध तिथे संपलं. आज चाललेल्या रक्तपाताला त्या युद्धाचं नाव देणं म्हणजे वीस वर्षं जुन्या पेपरातली बातमी वाचून दाखवणं आहे.

भूगोलाची एकच गोष्ट लक्षात ठेवा: दारफूर सुदानमध्ये आहे, पश्चिमेला. 'दक्षिण दारफूर' आणि 'दक्षिण कोर्दोफान' ही सुदानचीच राज्यं. नावात 'दक्षिण' दिसलं की बातमीदार खुशाल दक्षिण सुदानचा झेंडा लावून मोकळे होतात. भाषा, चलन वगैरे बाकीचे फरक कुठेही मिळतील.

आता खरी अडचण. या दोन युद्धांत माणूस चकतो त्याला कारण आहे, कारण वरवर पाहिलं तर ती जुळी भावंडं वाटतात. दोन्हीकडे सत्तेतला क्रमांक एक आणि क्रमांक दोन एकमेकांवर उलटले. सुदानमध्ये सत्ताधारी परिषदेचे प्रमुख जनरल अब्देल फताह अल-बुरहान आणि त्यांचेच उपप्रमुख मोहम्मद हमदान दगालो, म्हणजे हेमेदती. दक्षिण सुदानमध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार. दोन्हीकडे पहिली गोळी राजधानीत सुटली आणि दोन्हीकडे तारीख पंधरा: जुबात १५ डिसेंबर २०१३, खार्टूममध्ये १५ एप्रिल २०२३. धर्माची फूट दोन्हीकडे नाही. बुरहान आणि हेमेदती दोघे मुसलमान, कीर आणि माचार दोघे ख्रिश्चन. मग फरक कशात आहे? भांडणाऱ्यांच्या हातातली फौज कुठून आली, यात. तेवढं कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

सुदानचं आधी. २००३ मध्ये दारफूरमध्ये बंड झालं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्या सैन्यात बरेच शिपाई मुळात दारफूरचेच होते, ते आपल्याच गावांवर बंदूक चालवतील याचा सरकारला भरवसा नव्हता. म्हणून सरकारनं त्या भागातल्या अरब उंटवाल्यांना आणि घोडेस्वारांना शस्त्रं दिली. हेच जंजावीद. फूर, मसालित, झगावा या समाजांची गावं त्यांनी जाळली, आणि हे सगळे समाजही मुस्लिमच. आपल्याकडे पेंढारी माहीत असलेल्याला हे चटकन समजेल: फौजेबरोबर फिरायचं, लुटीवर जगायचं. फक्त बशीर यांनी पुढचं पाऊल टाकलं, जे पेंढाऱ्यांच्या बाबतीत कधी झालं नाही. २०१३ मध्ये यांतल्याच लोकांची 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' उभी राहिली, म्हणजे बातम्यांतली आरएसएफ. २०१७ मध्ये कायदा करून तिला वेगळं अधिकृत दल केलं. सैन्यानं उठाव केला तर आपल्याला वाचवायला दुसरी फौज हवी, हा त्यामागचा हिशेब. हेमेदतींनी त्याच वर्षी दारफूरमधल्या जेबेल आमिरच्या सोन्याच्या खाणींवर ताबा मिळवला, येमेनच्या युद्धात माणसं पाठवून पैसा कमावला. म्हणजे वेगळी भरती, वेगळी तिजोरी, वेगळे सेनापती. एका देशात दोन पूर्ण फौजा, शेजारी शेजारी.

११ एप्रिल २०१९ ला लोकांच्या आंदोलनापुढे सैन्यानं बशीर यांना उतरवलं, तेव्हा त्यांना वाचवायला उभी केलेली फौजही उठावाच्या बाजूनं गेली. २५ ऑक्टोबर २०२१ ला बुरहान आणि हेमेदतींनी मिळून नागरी सरकार पाडलं. हे दोघे भागीदार होते, ही गोष्ट विसरता कामा नये. पुढे डिसेंबर २०२२ च्या करारानंतर आरएसएफ सैन्यात कधी विलीन करायची हा प्रश्न आला. सैन्य म्हणालं दोन वर्षांत, हेमेदती म्हणाले दहा. एवढ्या एका प्रश्नावर खार्टूमसारखं शहर, जिथे निळी आणि पांढरी नाईल एकमेकींना मिळतात, रस्त्यारस्त्यानं जाळलं गेलं.

म्हणून सुदानच्या युद्धाला आघाड्या आहेत, वेढे आहेत, जिंकलेली आणि गमावलेली शहरं आहेत. मार्च २०२५ मध्ये सैन्यानं खार्टूम परत घेतलं. अल-फाशरला दीड वर्ष वेढा पडला, शेजारच्या विस्थापितांच्या झमझम छावणीत ऑगस्ट २०२४ मध्ये दुष्काळ जाहीर झाला, आणि २६ ऑक्टोबर २०२५ च्या सुमारास शहर पडलं तेव्हा आरएसएफनं तिथल्या लोकांची कत्तल केली. आरएसएफनं दारफूरमधल्या न्याला शहरात स्वतःचं सरकारही मांडलं आहे. घर सोडावं लागलेल्यांचा आकडा एक कोटीच्या वर गेला.

दक्षिण सुदानमध्ये दुसरी फौज कुणी मुद्दाम उभी केलीच नव्हती. तिथे एकच सैन्य होतं, पण ते एक होतं फक्त पगारपत्रकावर. मुक्तिलढ्याचं सैन्य म्हणजे एसपीएलए. त्याचे नेते जॉन गरांग २००५ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेले आणि कीर प्रमुख झाले. त्यांच्यापुढे प्रश्न होता की युद्धकाळात खार्टूमच्या बाजूनं लढलेल्या दक्षिणेतल्याच सशस्त्र गटांचं काय करायचं. २००६ मध्ये त्यांनी या गटांना सैन्यात घेतलं. तेलाचा पैसा येत होता, त्यातून सगळ्यांना पगार आणि हुद्दे मिळाले. त्या घडीला रक्तपात टळला, हे कीर यांचं श्रेय मी नाकारत नाही. पण शिपायाची निष्ठा आपल्या कमांडरकडेच राहिली. माचार तर १९९१ मध्येच गरांगपासून फुटले होते, त्या वेळी बोर शहरात डिंका लोकांची कत्तल झाली (कीर डिंका समाजाचे, माचार नुएर समाजाचे), पुढे त्यांनी खार्टूमशी हातमिळवणी केली आणि २००२ मध्ये परत आले. हे सगळं पोटात ठेवून एक झेंडा फडकला.

जुलै २०१३ मध्ये कीर यांनी माचारांसकट सगळं मंत्रिमंडळ बरखास्त केलं. डिसेंबरात जुबामध्ये राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षक दलाच्या बराकीत डिंका आणि नुएर सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. एकाच बराकीत झोपणारे, एकच गणवेश घातलेले. पुढचे दिवस जुबात नुएर पुरुषांना घराघरांतून ओढून मारलं गेलं, आणि बोर, मलाकाल, बेंतिऊ इथे त्याचा सूड उगवला गेला. हजारो लोक संयुक्त राष्ट्रांच्या तळांमध्ये शिरले. अकोबोच्या तळात आश्रयाला आलेल्या नागरिकांना वाचवताना १९ डिसेंबरला शांतिसेनेतले दोन भारतीय जवान मारले गेले.

मराठीत 'यादवी' हा शब्द आहे. आपण तो कुठल्याही गृहयुद्धाला लावतो, पण मूळ अर्थ एकाच कुळातल्यांनी एकमेकांना संपवणं. दक्षिण सुदानला तो तंतोतंत बसतो. सुदानला मी तो लावत नाही. तिथे एका कुळात फूट पडलेली नाही, सत्तेनं पाळलेली दुसरी फौज पहिलीवर धावून गेली आहे.

आणि 'टोळी' हा शब्द कृपा करून सोडा. मराठीत टोळी दरोडेखोरांची असते. डिंका आणि नुएर हे लाखोंच्या संख्येचे, आपापली भाषा, गुरंढोरं, नातीगोती असलेले समाज आहेत. ते शेकडो वर्षं भांडत आले म्हणून युद्ध झालं असं नाही. नेत्यांनी युद्ध सुरू केलं आणि माणसं गोळा करायला समाजाचं नाव वापरलं.

फौजेतल्या या फरकामुळे दोन्हीकडची 'शांतता' वेगळी दिसते. सुदानमध्ये करार म्हणजे दोन फौजांमधला युद्धविराम, आणि तो टिकत नाही. दक्षिण सुदानमध्ये करार म्हणजे खुर्च्यांची वाटणी. २०१५ मध्ये करार झाला, जुलै २०१६ मध्ये जुबात पुन्हा लढाई पेटली, आणि तेव्हाच भारतानं 'ऑपरेशन संकटमोचन' करून आपले लोक आणले. कावेरी आणि संकटमोचन या दोन मोहिमांत सात वर्षांचं अंतर आहे आणि देशही दोन आहेत. २०१८ मध्ये पुन्हा करार, २०२० मध्ये संयुक्त सरकार, माचार पुन्हा उपराष्ट्राध्यक्ष. ८३ हजारांचं एकत्रित दल उभं करायचं ठरलं, ते रखडतच राहिलं. निवडणूक डिसेंबर २०२६ पर्यंत ढकलली. मार्च २०२५ मध्ये नुएर तरुणांच्या 'व्हाइट आर्मी'नं नासिरचा लष्करी तळ घेतला, त्याच महिन्यात माचार नजरकैदेत गेले आणि सप्टेंबरात त्यांच्यावर खून आणि देशद्रोहाचे आरोप ठेवले गेले. इथे नकाशावर आघाडीची रेषा शोधू नका, ती सापडणार नाही. मंत्रिमंडळात कोण आहे, कोणता कमांडर कुणाकडे गेला, ते पाहा.

बशीर पडले त्याच दिवशी, ११ एप्रिल २०१९ ला, व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांनी गुडघ्यावर बसून कीर आणि माचार यांच्या बुटांवर ओठ टेकवले होते. शांतता ठेवा, एवढीच विनवणी होती. ते छायाचित्र सुदानच्या बातमीला लावलेलं मी पाहिलं आहे.

दोन्ही युद्धं एकमेकांत गुंतलेली आहेत हे मात्र खरं. दक्षिण सुदानचं तेल नळानं सुदानमधून पोर्ट सुदानच्या बंदरात जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदानच्या युद्धात तो नळ फुटला, आणि दक्षिण सुदान सरकारचं जवळपास सगळं उत्पन्न तेलावर असल्यानं जुबातले शिक्षक, शिपाई महिनोन्महिने पगाराविना राहिले.

पुण्यात माझ्या ओळखीचा जुबाचा एक विद्यार्थी होता. २०२३ च्या त्या एप्रिलमध्ये चहावालाही त्याला विचारायचा, घरचे बरे ना? तो दरवेळी सांगायचा की युद्ध माझ्या देशात नाही, शेजारी आहे. मग थोडं थांबून म्हणायचा, पण मावशी तिथे आहे. २०१३ मध्ये मावशी जुबातून जीव वाचवून पळाली ती खार्टूमला. दहा वर्षं तिथे चहा विकला. खार्टूम पेटल्यावर ती ट्रकनं सीमेवरच्या जोडाच्या नाक्यावर आली, तिथून दक्षिण सुदानमधल्या रेंकच्या छावणीत. तिच्याकडे दोन पिशव्या होत्या आणि चहाची किटली.