वयस्कर कुत्रा घरी आणताना, आणि आपला दुसऱ्या घरी देताना

आमच्याकडे आंघोळीला, नखं कापायला आणि मुक्कामाला येणाऱ्या कुत्र्यांच्या घरच्यांसाठी हे पत्रक काढलं आहे. पिल्लाला काय भरवायचं, लस कधी टोचायची हे सांगणारे पुष्कळ भेटतात. शेल्टरमध्ये बसलेल्या आठ-नऊ वर्षांच्या कुत्र्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, आणि आमच्या काउंटरवर हल्ली तोच प्रश्न जास्त येतो. आम्ही पिल्लं विकत नाही. कुत्रा दत्तक देण्याघेण्यात मध्ये पैसेही घेत नाही. जे रोज हाताखालून जातं, त्यातून कळलेलं इथे लिहिलं आहे.

आधी ब्रूनोची गोष्ट. नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर, कोथरूडमधल्या एका आजोबांनी पिल्लाचा मोठा केलेला. आजोबा गेले. मुलगा परदेशातून पंधरा दिवसांच्या रजेवर आलेला, घर बंद करून परत जायचं होतं. ब्रूनो शेल्टरमध्ये पोचला तेव्हा सोबत लसीचं कार्ड आणि गळ्यातला पट्टा, एवढंच होतं. चार दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. ताटलीसमोर बसायचा, लाळ गळायची, मान वर करून माणसाकडे बघायचा, पण खायचा नाही. दात तपासले, रक्त तपासलं, सगळं ठीक. पाचव्या दिवशी आजोबांकडे स्वयंपाकाला असलेल्या मावशी त्याला बघायला आल्या. आम्हीही नेमके तेव्हा तिथे नखं कापायला गेलो होतो. मावशी ताटलीकडे बघून म्हणाल्या, "अहो, त्याला ‘जेव रे बाबा’ म्हणा की! आजोबा तसं म्हटल्याशिवाय तो कध्धी तोंड लावायचा नाही." मग त्या स्वतःच म्हणाल्या, आणि दोन मिनिटांत ताटली लख्ख झाली.

तीन शब्दांची चिठ्ठी सोबत असती तर त्या जिवाचे चार दिवस उपाशी गेले नसते. वयस्कर कुत्रा आपल्या सवयी, आपली भाषा, आपली भीती घेऊनच येतो. ते सगळं विचारून घेणं आणि द्यायची वेळ आली तर लिहून देणं, यासाठी आम्ही चार पानांची एक वही छापली आहे. तिच्याबद्दल शेवटी सांगतो.

शेल्टरमध्ये गेल्यावर

वय विचारलंत तर "सात-आठ असेल" असं उत्तर मिळेल. ती टाळाटाळ समजू नका. पिल्लाचं वय दातांवरून बऱ्यापैकी नेमकं कळतं, मोठ्या कुत्र्याचं अंदाजानेच सांगावं लागतं, आणि रस्त्यावर दगड-हाडं चघळलेल्या कुत्र्याचे दात वयाआधीच झिजतात. म्हातारपण कधी सुरू होतं तेही अंगापिंडावर असतं. ग्रेट डेनसारखा थोराड कुत्रा सहाव्या-सातव्या वर्षीच उताराला लागतो, लॅब्रॅडॉर आठव्या वर्षाच्या आसपास. पॉमेरेनियन किंवा आपला देशी कुत्रा दहाव्या वर्षीही पळत जिना चढताना दिसतो. लॅब साधारण १० ते १२ वर्षं जगतो, नीट सांभाळलेला देशी कुत्रा १४-१५ सुद्धा. म्हणजे आठ वर्षांची देशी कुत्री आणलीत, तर अजून पाच-सहा वर्षांची सोबत धरून चालायला हरकत नाही.

एका भेटीत ठरवू नका. पिंजऱ्यात कोकलणारा कुत्रा बाहेर फिरायला नेल्यावर निराळाच निघतो. साखळी मागून घ्या, अर्धा तास फिरवून आणा. जिना असेल तर चढून-उतरून बघा. चढताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलत असेल, तर खुब्याचं दुखणं असू शकतं. कधी कुणाला चावलाय का, लहान मुलं चालतात का, मांजर दिसलं की काय करतो, हे स्पष्ट विचारा. चांगलं शेल्टर या प्रश्नांनी खूशच होतं.

डोळ्यांत निळसर धुकं दिसलं की "मोतीबिंदू आहे" म्हणून लोक मागे फिरतात. वयाबरोबर बऱ्याच कुत्र्यांच्या भिंगावर तशी झाक येते आणि तिने नजर फारशी अधू होत नाही. मोतीबिंदू पांढरट दिसतो. घरगुती परीक्षा म्हणून कापसाचा बोळा त्याच्यासमोर वरून सोडा. कापसाला आवाज नाही, वास जवळजवळ नाही. त्याची नजर बोळ्यामागे खाली गेली, तर त्याला दिसतंय. नक्की निदान अर्थात डॉक्टरच करतील.

आणि त्याला कुणी जोडीदार आहे का, हे विचाराच. एकाच घरातून आलेली दोन म्हातारी कुत्री असतील तर दोघांना न्या, किंवा दोघांनाही तिथेच राहू द्या. एकाला उचलून आणल्यावर दुसऱ्याचं काय होतं ते आम्ही पाहिलेलं आहे.

दवाखाना

पहिल्या आठवड्यातच एकदा डॉक्टरांकडे नेऊन आणा. रक्ताची पूर्ण तपासणी, मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या, लघवी, हृदयाचे ठोके, दात, आणि आपल्याकडे गोचीडतापाची चाचणी. पुढे दर सहा महिन्यांनी दाखवावं. खर्च होतो, तो आधी धरून चाला. विमा काढायचा असेल तर वयाची अट सगळ्यात आधी विचारा.

मादी असेल आणि तिची नसबंदी झालेली नसेल, तर हा परिच्छेद दोनदा वाचा. माजावर येऊन गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांत ती एकाएकी खूप पाणी प्यायला लागली, मरगळली, मागून घाण स्राव दिसला, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. कधीकधी स्राव दिसतही नाही. ही वाट बघण्याची गोष्ट नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठा. कानाला छोटी खाच असलेली देशी कुत्री बहुतेक वेळा नसबंदी झालेली असते.

दोन मोजमापं घरीच करता येतात. पहिलं पाण्याचं. बाटलीने मोजून भांडं भरा. किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पोटात जात असेल, म्हणजे २५ किलोच्या कुत्र्याच्या अडीच लिटरच्या वर, तर मूत्रपिंड, मधुमेह असं काहीतरी तपासायला हवं. दुसरं श्वासाचं. गाढ झोपेत छाती मिनिटाला किती वेळा वरखाली होते ते मोजा. आकडा ३० च्या आत हवा. रोज त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

आणि कळकळीची विनंती: तो लंगडतोय म्हणून आपल्या डब्यातली गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल यांनी कुत्र्याचं पोट, मूत्रपिंड, यकृत बिघडतं, जीवही जातो. सांध्यांसाठी कुत्र्यांची वेगळी औषधं आहेत.

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने

कुत्र्यांसोबत काम करणारी माणसं हा हिशोब तोंडपाठ सांगतात. तीन दिवस तो बावरलेला असतो, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक त्याच्या लक्षात येतं, तीन महिन्यांनी तो तुमचा होतो. घड्याळ लावून असं घडत नाही, पण परत आणून सोडलेली जी कुत्री आम्हाला माहीत आहेत, त्यातली बहुतेक पहिल्या तीन आठवड्यांतच परत आली. "खात नाही", "कॉटखालून बाहेर येत नाही", "घरात शू केली", ही कारणं. यातलं काहीही त्या कुत्र्याचा स्वभाव नसतो. ती फक्त गोंधळलेली अवस्था असते.

म्हणून पहिले दिवस कंटाळवाणे ठेवा. नातेवाइकांना बोलावू नका. लगेच आंघोळ घालू नका (हे आम्हीच सांगतोय, म्हणजे बघा). खाणं शेल्टरमध्ये होतं तेच द्या, मग आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. झोपायची जागा एकदा ठरवली की हलवू नका. फिरायला नेताना छातीभोवतीचा हार्नेस आणि गळ्यातला पट्टा दोन्ही घाला, कारण नवं कुत्रं निसटून पळतं ते याच दिवसांत, आणि त्याला अजून तुमचं घर कुठलं ते माहीत नसतं. तुमचा नंबर कोरलेला बिल्ला पहिल्या तासात गळ्यात हवा. दिवाळीच्या तोंडावर तर आणूच नका, फटाके संपू द्या.

भाषेचंही लक्षात घ्या. "सिट" म्हटल्यावर ढिम्म उभी राहिलेली एक कुत्री आमच्या मुलाने सहज "बैठ" म्हटल्यावर टुणकन बसली. ती हिंदी बोलणाऱ्या घरातली होती. "बस", "बैठ", "खाली", सगळं म्हणून बघा. बहिरा आहे असं ठरवण्याआधी हे करा. खरंच ऐकू येत नसेल तर हाताच्या खुणा तो आठवड्याभरात शिकतो.

फरशी

हा आमच्या रोजच्या कामातला विषय आहे, म्हणून जरा सविस्तर. हल्लीच्या फ्लॅटमधली गुळगुळीत फरशी म्हाताऱ्या कुत्र्याची वैरीण आहे. उठताना मागचे पाय फाकतात, एकदा आपटला की तो उठायलाच घाबरतो, मग घरचे म्हणतात "आळशी झालाय". हातात पंजा घेऊन बघा. बोटांच्या गाद्यांमध्ये केस वाढून बाहेर आले असतील, तर तो मोजे घालून चालल्यासारखा घसरतो. ते केस गादीच्या पातळीत कापा आणि नखं इतकी ठेवा की चालताना फरशीवर टकटक ऐकू येता कामा नये. झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत जुन्या योगा मॅटचे पट्टे टाका. नुसती सतरंजी टाकलीत तर ती सरकते आणि त्याच्यासकट जाते, खाली रबर हवं. गोधडी ऊबेला छान, पण जड कुत्र्याला एकटी पुरत नाही, कोपरांना घट्टे पडतात. खाली चार इंच जाडीचा घट्ट फोम आणि वर गोधडी, असं करा. लिफ्ट नसेल तर मोठा टॉवेल पोटाखालून, मांड्यांच्या पुढे घ्या आणि दोन्ही टोकं वर धरून मागचा भार उचला. तीस किलोचा लॅबही असा दोन मजले चढतो.

सोसायटी आणि परवाना

पाळीव कुत्र्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, सभेत बहुमताने ठराव केला तरीही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. विष्ठा उचलणं आणि पट्टा धरणं मात्र आपलं काम. पुणे महापालिकेचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीचा दाखला लागतो. कुत्रा दत्तक घेतल्यावर परवाना आपल्या नावे करून घ्या.

द्यावाच लागला तर

ज्यांच्यावर ही वेळ येते ती सगळी माणसं निर्दय नसतात. आजारपण येतं, बदली होते, घर सांभाळणारं माणूस जातं. आमचं म्हणणं एवढंच, की जायला आठवडा उरल्यावर फोन करू नका. दोन-तीन महिने हाताशी ठेवा. कुत्र्याला भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. घरात वाढलेल्या नऊ वर्षांच्या कुत्र्याला रस्त्यावर अन्न-पाणी शोधणंही जमत नाही.

परदेशी जाताय म्हणून देत असाल, तर नेता येतो का ते आधी नीट तपासा. पुष्कळांना वाटतं की शक्यच नाही. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. भारत रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांत मोडतो, त्यामुळे मायक्रोचिप, लसीचा दाखला, रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी असं सगळं लागतं. तयारीला काही महिने जातात, पण वाट आहे. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मात्र बऱ्याच विमान कंपन्या सामानाच्या कक्षातून नेत नाहीत.

आधी नात्यात, मित्रांत, रोज फिरायला भेटणाऱ्या मंडळींत विचारा. ज्यांना तो ओळखतो त्यांच्या घरी तो लवकर रुळतो. अनोळखी कुणाला देणार असाल तर त्यांच्या घरी स्वतः जाऊन या, पंधरा दिवस सांभाळून बघायला द्या, आणि नसबंदी करूनच द्या. जातिवंत मादी फुकट मिळवून पिल्लांसाठी वापरणारे लोक आहेत.

एकटे राहणारे आमचे काही ज्येष्ठ ग्राहक म्हणतात, "माझ्यानंतर याचं काय, म्हणून आणत नाही." काकू, काका, वयस्कर कुत्राच तुम्हाला जास्त शोभेल. त्याला दिवसभर माणूस हवं असतं, पळापळ नको असते. फक्त नंतर कोण सांभाळणार ते आजच ठरवा आणि त्या व्यक्तीला विचारून ठरवा. कुत्र्याच्या नावे पैसे ठेवता येत नाहीत. सांभाळणाऱ्या माणसाच्या नावे मृत्युपत्रात तरतूद करता येते.

वही

चार पानं आहेत, दुकानात फुकट मिळते. जेवायची वेळ आणि ताटली ठेवताना काय म्हणता. कोणत्या हाकेला येतो, लाडाची सगळी नावं. कशाला घाबरतो: कुकरची शिट्टी, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस. कुठे हात लावलेला चालत नाही. औषधं, डॉक्टर, जुने आजार. शूला जायचं असेल तर कसं सांगतो. शेवटचं पान कोरं आहे, तिथे सुचेल ते लिहा. कुत्रा धडधाकट असतानाच भरा आणि लसीच्या कार्डासोबत ठेवा. घरात कामाला येणाऱ्या मावशींनाही विचारून भरा, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

शेल्टरमधून सात वर्षांवरचा कुत्रा आणलात तर पहिले तीन महिने नखं आणि पंजांचे केस आम्ही विनामूल्य कापू. तो बुजरा असेल तर दुपारी दोन ते चारमध्ये या, तेव्हा दुकानात दुसरं कुत्रं नसतं. येताना त्याचं अंथरूण आणा, आणि ते न धुता आणा.