ईगल लेक अँड वेस्ट ब्रँच रेल्वेचे अवशेष

अमेरिकेच्या मेन राज्यातील उत्तरेकडच्या जंगलात, ईगल सरोवर आणि उंबाझूक्सस सरोवर यांच्या दरम्यान १९२७ ते १९३३ या काळात चाललेली मालवाहू रेल्वे. लांबी सुमारे २१ किमी., म्हणजे साधारण आपल्या नेरळ–माथेरान मार्गाएवढी. पण माथेरानचे रूळ ६१० मिमी. अंतराचे, तर इथले मोठ्या गाड्यांचे, १,४३५ मिमी.चे. कागदाच्या गिरणीसाठी लाकूड वाहणे एवढेच तिचे काम होते आणि बाहेरच्या कुठल्याही रेल्वेमार्गाला ती जोडलेली नव्हती. काम संपले तेव्हा तिची दोन वाफेची इंजिने जंगलातच सोडून दिली गेली. ती आजही तिथेच उभी आहेत. हा सगळा भाग आता अलगॅश वाइल्डरनेस वॉटरवे या संरक्षित जलमार्गात येतो. सरोवरांच्या काठी तंबू ठोकून राहणारे आणि कनो वल्हवत फिरणारे लोक वाट वाकडी करून हे अवशेष पाहायला जातात.

पाण्याची दिशा

झाडीत उभी असलेली ही धुडे पाहिली की कोणीही हेच विचारतो : इथे ती आणली कशी, आणि आणली तरी कशाला? ‘कशाला’चे उत्तर पाण्याच्या वाहण्यात सापडते. ते आधी समजून घेतले नाही तर बाकीचे अवशेष म्हणजे नुसते भंगार वाटते.

चेंबरलेन आणि ईगल ही शेजारशेजारची दोन मोठी सरोवरे. मूळच्या उतारानुसार चेंबरलेनचे पाणी ईगलमध्ये, तिथून अलगॅश नदीत आणि पुढे सेंट जॉन नदीत, म्हणजे उत्तरेला जाई. त्या काळी लाकूडतोडीत रस्ता म्हणजे नदीच. हिवाळ्यात झाडे पाडून ओंडके काठावर रचायचे आणि वसंतात बर्फ वितळून पाणी चढले की सोडून द्यायचे. पण उत्तरेला सोडलेले ओंडके सरहद्द ओलांडून न्यू ब्रन्स्विकमध्ये, त्या वेळच्या ब्रिटिश मुलखात पोचत. लाकूड मेनचे, पण करवती चालायच्या त्या परक्या मुलखात. बँगर शहरातल्या लाकूड व्यापाऱ्यांना हे सलत होते. त्यांच्या गिरण्या पेनॉब्स्कॉट नदीवर होत्या, आणि ती वाहते दक्षिणेला.

१८४१ च्या सुमारास यावर उपाय निघाला. चेंबरलेनच्या तोंडाशी बांध घालून पाण्याची पातळी चढवली आणि पलीकडे टेलॉस सरोवराच्या टोकाला चर खणून ते पाणी पेनॉब्स्कॉटच्या पूर्व फाट्यात वळवले. उत्तरेला जाणारे सरोवर माणसाने दक्षिणेला वाहायला लावले. ईगल सरोवर मात्र खालच्या पातळीवर राहिले आणि त्याचे पाणी पूर्वीसारखेच उत्तरेला जात राहिले. त्याच्या भोवतीचे सगळे जंगल बँगरच्या दृष्टीने चुकीच्या उतारावर होते. पुढच्या शंभर वर्षांत या दोन सरोवरांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर लोकांनी जे काही बांधले, ते लाकूड हा उतार ओलांडून पलीकडे टाकण्यासाठी.

दोराचा मार्ग

पहिले यंत्र आले ते १९०३ च्या हंगामात. ईगलच्या काठापासून चेंबरलेनच्या काठापर्यंत सुमारे ९०० मीटर लांबीचा ट्रामवे बांधला गेला. नाव ट्रामवे असले तरी आपल्या डोळ्यांसमोर येते तशी ट्राम इथे धावत नव्हती. सुमारे १,८०० मीटर लांबीचा, मनगटाएवढा नसला तरी अंगठ्याहून जाड असा पोलादी दोर माळेसारखा जोडून अखंड फिरता ठेवला होता. त्याला ठरावीक अंतरावर छोटे लोखंडी गाडे घट्ट आवळलेले होते आणि हे गाडे रुळांवरून चालत. ईगलच्या बाजूला ओंडका गाड्यांवर चढवायचा, चेंबरलेनच्या टोकाला तो पाण्यात पडायचा आणि रिकामे गाडे खालच्या रुळांवरून उलटे होऊन परत यायचे. दोर ओढणारे वाफेचे यंत्र चेंबरलेनच्या टोकाला होते. काही वर्षे हा दोर लाकूड वाहत राहिला, मग थांबला. जिथे थांबला तिथेच पडला, आणि आजही झाडांच्या मुळांमधून डोके वर काढत चेंबरलेनपर्यंत गेलेला दिसतो.

माझ्या मते इथे येणाऱ्याने इंजिनांकडे धावण्याआधी या दोराच्या बाजूने चालावे. इंजिने एका जागी उभी आहेत, ती पाहायला पाच मिनिटे पुरतात. दोराबरोबर चालताना मात्र एका सरोवराकडून दुसऱ्याकडे जाणारा चढ आणि उतार पायांना कळतो आणि एवढा खटाटोप कशासाठी होता तेही कळते. वाटेत गंजलेले गाडे पालथे पडलेले आहेत. त्यांचे दातेरी ओठ, ज्यांवर ओंडका पक्का बसायचा, अजून बोटाला टोचतात.

रेल्वे

विसाव्या शतकात लाकडाचे गिऱ्हाईक बदलले. फळ्यांसाठी लागणाऱ्या जाड पाइनच्या ओंडक्यांची जागा कागदाच्या लगद्यासाठी लागणाऱ्या चार फुटी तुकड्यांनी घेतली. ग्रेट नॉर्दर्न पेपर कंपनीची मोठी गिरणी मिलिनॉकेट गावात होती आणि तिचे पाणी पेनॉब्स्कॉटच्या पश्चिम फाट्याचे. रेल्वेच्या नावातला ‘वेस्ट ब्रँच’ तो हाच. रूळ काही त्या फाट्यापर्यंत गेले नाहीत; ते उंबाझूक्सस सरोवरापाशी संपत. तिथे पाण्यात टाकलेले लाकूड चेसनकुक सरोवरातून वाहत पश्चिम फाट्याला लागे.

ही रेल्वे उभारली एदुआर लाक्रुआ या क्वेबेकच्या लाकूड कंत्राटदाराने. त्याचे ठाणे ईगलच्या उत्तरेला चर्चिल डेपो इथे होते. जवळ रस्ता नाही, रेल्वे नाही, तेव्हा जड सामान मुख्यतः हिवाळ्यात बर्फावरून आणि गोठलेल्या सरोवरांवरून आणले गेले. ओढायला लोम्बार्ड ट्रॅक्टर होते. मेनमध्येच तयार झालेले हे यंत्र पट्ट्यावर चालते. आजच्या बुलडोझरखाली जो साखळीपट्टा दिसतो, त्याच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी ते एक.

लाकूड भरायची व्यवस्था पाहण्यासारखी होती. ईगलच्या काठाला लागलेले तुकडे सुमारे ७० मीटर लांबीचे चढते कन्व्हेयर पाण्यातून उचलून वाघिणींत टाकत. एका वाघिणीत बारा कॉर्ड लाकूड मावे. कॉर्ड म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशी रचलेली थप्पी. त्या हिशेबाने एका वाघिणीत सुमारे ४३ घनमीटर झाले. वाघीण भरायला वीस मिनिटेही लागत नसत. वाघिणीचा तळ एका बाजूला उतरता केलेला होता. उंबाझूक्ससच्या टोकाला रूळ लाकडी खांबांच्या पुलावरून थेट पाण्यावर गेले होते. तिथे गाडी उभी करून वाघिणीची बाजू मोकळी केली की लाकूड आपोआप सरोवरात कोसळे. कामाच्या भरात आठवड्याला साडेसहा हजार कॉर्डपर्यंत लाकूड असे पलीकडे गेले.

मग मंदी आली. कागदाची मागणी घटली आणि १९३३ मध्ये गाड्या थांबल्या. इंजिने शेडमध्ये नेऊन ठेवली. ती बाहेर काढायची तर पुन्हा सगळी हिवाळ्यातली मोहीम करावी लागणार होती आणि दोन म्हाताऱ्या इंजिनांसाठी एवढा खर्च कोण करणार? राहिली ती राहिलीच. १९६९ मध्ये ती लाकडी शेडही जळाली आणि तेव्हापासून इंजिने ऊनपावसात उघडी आहेत. पुढे त्यांच्याखालची जमीन खचू लागली. तेव्हा जुन्या इंजिनांवर प्रेम असलेल्या स्वयंसेवकांनी जॅक लावून त्यांना उचलले आणि पुन्हा सरळ उभे केले.

जागेवर काय दिसते

इंजिने ईगल सरोवराच्या काठापासून थोडे आत, भूर्ज आणि फरच्या झाडीत आहेत. दोन्ही पहिल्या नजरेला सारखीच वाटतात. ओळखायची ती चाकांवरून. पुढे चार लहान चाके आणि मग दोन्ही बाजूंना तीन-तीन मोठी चाके असलेले इंजिन १८९७ चे, शेनेक्टडीच्या कारखान्यातले. पुढे दोनच लहान चाके आणि मग दोन्ही बाजूंना चार-चार मोठी असलेले १९०१ चे, ब्रुक्स कारखान्यातले. म्हणजे जंगलात आली तेव्हाच दोघांची पंचविशी उलटलेली होती. वाळलेल्या जंगलात ठिणगी उडू नये म्हणून ती तेलावर चालवत.

जवळ गेल्यावर लोखंडाचे पापुद्रे सुटलेले दिसतात. खाली पडलेल्या सुयांसारख्या पानांवर त्यांचा लालसर चुरा साचलेला असतो. सांध्यांच्या खोबणीत शेवाळ धरले आहे. चाकांच्या आऱ्यांमधून कोवळी रोपे वर आली आहेत. मोठी चाके जोडणारे दांडे, एकेक माणसाहून लांब, अजून जागच्या जागी आहेत आणि जणू काल संध्याकाळी थांबले असावेत असे तोललेले दिसतात.

इंजिनांच्या पलीकडे वाघिणींची रांग आहे. लाकडी भाग कुजून गेला, उरले ते लोखंडी सांगाडे आणि चाके. दोन सांगाड्यांच्या मधून वाढलेली झाडे आता चांगली जाड झाली आहेत. रूळमार्गाचा भराव मात्र नवख्याला पटकन दिसत नाही. जंगलातली जमीन कुठेच सपाट नसते. खाचखळगे, दगड, पडलेली झाडे यांच्यामध्ये अचानक एक सरळ, सपाट पट्टी लागली आणि तिच्यावरची झाडे आजूबाजूच्या झाडांहून कोवळी दिसली, की समजावे आपण रेल्वेवर उभे आहोत.

जायचे कसे

अलगॅश वॉटरवे हा सुमारे १४८ किमी.चा नदी-सरोवरांचा पट्टा मेन राज्याने १९६६ मध्ये राखून ठेवला आणि १९७० मध्ये त्याला राष्ट्रीय पातळीवरचे संरक्षण मिळाले. काठावर ठिकठिकाणी तंबूच्या नेमून दिलेल्या जागा आहेत : एक टेबल, शेकोटीची जागा, थोडे आत शौचालय. वीज नाही, नळ नाही, दुकान नाही. गावे लांब आहेत, शिधा सगळा बरोबर न्यावा लागतो. बहुतेक जण चेंबरलेनवरून कनो वल्हवत येतात आणि दोराच्या मार्गालगतच्या पायवाटेने पलीकडे ईगलकडे उतरतात. चेंबरलेनचे पाणी फार उघडे आहे. दुपारी वारा सुटला की लाटा उसळतात, म्हणून सरोवर पहाटेच पार करावे. जाणकार याबाबतीत हयगय करत नाहीत. जूनमध्ये चावऱ्या माश्यांचा इतका त्रास असतो की इंजिनापाशी उभे राहणे नकोसे होते. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ उत्तम. हिवाळ्यात स्नोमोबाइलवरूनही लोक येतात. तेव्हा बॉयलरवर बर्फाची जाड पांघरूणे असतात.

इथली वस्तू उचलून न्यायला बंदी आहे. एक खिळासुद्धा नेऊ नये, आणि ते नुसते कायद्यासाठी नव्हे. रुळाचा खिळा जिथे पडला आहे तिथेच रूळ कुठून जात होता हे सांगतो, घरच्या शोकेसमध्ये तो मुका होतो. इंजिनांवर चढणेही टाळावे. वरचा पत्रा अनेक जागी पोकळ झाला आहे.

ज्यांच्याकडे आणखी एखादा दिवस आहे त्यांनी चेंबरलेनच्या वायव्य टोकाला जावे. अलगॅश ओढा सरोवराला मिळतो त्या खाडीसारख्या भागावर रेल्वेचा सुमारे ४६० मीटर लांबीचा लाकडी पूल होता. तो कोसळला आहे, पण त्याचे खांब पाण्यातून वर आलेले दिसतात आणि कनो त्यांच्यामधून सांभाळून काढावी लागते. ओढ्याने वर गेले की अलगॅश सरोवर लागते. तिथे मोटरला परवानगी नाही, वल्हीच मारावी लागतात.